पिवळ्या धातूची साखळी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

चोरीच्या बातमीत ‘पिवळ्या धातूची साखळी’ असे आले की वाचकाला हसू येते. सोन्याला सोने म्हणायला पोलिसांची जीभ का अडखळते, अशी थट्टा चहाच्या टपरीवर होते आणि वाचकांच्या पत्रांतूनही होते. तपासाचे शास्त्र शिकायला बसलेल्याला मात्र पहिला धडा याच तीन शब्दांचा असतो, आणि तो नीट गिरवला तर पुढचे निम्मे शास्त्र सोपे जाते. म्हणून त्या थट्टेला हे जरा लांबलेले उत्तर. जागा असेल तेवढे छापावे.

पंचनामा लिहिणाऱ्याला साखळीचा रंग दिसतो, काट्यावर तिचे वजन कळते, टेपने लांबी मोजता येते. कस लावणे हे सराफाचे काम. ते त्याने केले की त्याचा दाखला वेगळा जोडला जातो. पंचनाम्यातच ‘सोन्याची साखळी, दोन तोळे’ असे लिहून टाकले आणि सराफाकडे ती मुलाम्याची निघाली, तर समोरचा वकील एवढेच विचारतो: ही ओळ खोटी, तर खालच्या चाळीस ओळी खऱ्या कशावरून? म्हणून ‘रक्ताचे डाग’ लिहायचे नाही, ‘तांबूस, रक्तासारखे दिसणारे डाग’ लिहायचे. ते रक्त आहे की पानाची पिंक, माणसाचे आहे की कोंबडीचे, हे प्रयोगशाळा सांगेल. ‘दारू प्यालेला होता’ असेही नाही. ‘तोंडाला दारूसारखा वास येत होता, चालताना तोल जात होता’ एवढेच. बाकीचे डॉक्टर रक्त तपासून ठरवतील. जो जे पाहू शकतो त्याने तेवढेच लिहायचे, अशी ही वाटणी आहे.

आपल्याकडे बांधावरून जेवढी भांडणे होतात तेवढी दुसऱ्या कशावरून होत नसतील. ‘त्याने मुद्दाम बांध कोरला’ या एका वाक्यात तीन दावे आहेत: कोरला, त्याने कोरला, मुद्दाम कोरला. प्रत्यक्ष दिसते एवढेच की दक्षिणेच्या अंगाला बांधाची रुंदी दीड फूट कमी भरते आणि तिथली माती ताजी आहे. अर्ज तेवढ्यावरच थांबला तर भूमापकाला काम करता येते. पुढचे दोन दावे त्यात घुसले की पहिल्याच ओळीत समोरच्याचा वकील जागा होतो आणि मोजणी बाजूला पडते.

मोजमापाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण गाडे बहुतेक वेळा इथेच अडते. ‘विहिरीपासून दहा पावलांवर’ असे पंचनाम्यात आले की प्रश्न सुरू होतात. पावले कोणाची, आणि विहिरीच्या कुठल्या काठापासून? वस्तू जिथे सापडली ती जागा निदान दोन पक्क्या खुणांपासून मोजायची असते. पक्की खूण म्हणजे पाच वर्षांनीही जागेवर असेल अशी: विहिरीच्या कठड्याचा ठरावीक कोपरा, हेस्कॉम या वीज कंपनीच्या ट्रान्सफॉर्मरचा खांब, मोरीची भिंत. निंबाचे झाड नको, ते तोडले जाते. बैलगाडी तर नकोच. एकाच खुणेपासूनचे अंतर दिले तर ती जागा एका अख्ख्या वर्तुळावर कुठेही असू शकते. दोन खुणांपासून दिले तरी दोन वर्तुळे दोन ठिकाणी छेदतात, म्हणून कठडा आणि खांब जोडणाऱ्या रेषेच्या कुठल्या बाजूला, तेही लिहायचे, आणि नकाशावर उत्तरेचा बाण काढायचा. चिकोडी, निपाणी, अथणी भागातल्या उसाच्या फडात तर हे जास्तच लागते. खटला उभा राहीपर्यंत दोन-तीन हंगाम उलटतात, आणि ऊस तोडून नेला, पाचट पेटवले की तो फड त्याच्या मालकालाही ओळखू येत नाही.

मोजून झाले की थर वाचायचे. खानापूर, बेळगाव तालुक्यात कौलारू घरे अजून भरपूर आहेत आणि कौले काढून चोरी हा जुनाच प्रकार. कौल सरकवले की रिपांवरची जळमटे, धूळ, शेवाळाचे तुकडे खाली पडतात. कपाट उचकटून फेकलेले कपडे जमिनीवर आहेत आणि हा कचरा कपड्यांच्या खाली आहे, तर कौल आधी निघाले, कपडे नंतर फेकले गेले. कचरा कपड्यांच्या वर पडला असेल तर क्रम उलटा. म्हणजे चोरीचा देखावा घरातल्यांनीच केला असे लगेच ठरते का? नाही. चोर दाराने आत शिरून छपरातून पळाला असेल तरी कचरा वरच पडेल. थरांवरून क्रम कळतो, माणूस कळत नाही. हा फरक विसरून ‘भाच्याचेच काम’ असे पहिल्या तासात ठरवले की पुढे भाच्याविरुद्धचे तेवढे डोळ्यांत भरते आणि बाकीचे दिसेनासे होते. यावर एक साधा उपाय शिकवला जातो. संशय कागदावर लिहायचा आणि त्याखाली लिहायचे की काय सापडले तर हा संशय चुकीचा ठरेल. मग आधी नेमके तेच शोधायचे. घरात पैसे हरवले, पावतीपुस्तकाचा हिशेब लागेना, तरी हीच रीत चालते.

फ्रान्समधल्या ल्यों शहरात एदमोंद लोकार यांनी १९१० मध्ये पोलिसांसाठी प्रयोगशाळा सुरू केली. दोन गोष्टी एकमेकींना लागल्या की प्रत्येक दुसरीवर काहीतरी ठेवून जाते, हे तत्त्व त्यांच्या नावाने ओळखले जाते. ते फक्त गुन्हेगाराला लागू आहे अशी समजूत असते. ते बघ्यांनाही लागू आहे. विहिरीत मृतदेह दिसला की अर्धे गाव कठड्यावर जमते आणि प्रत्येकजण आपल्या चपलेची माती तिथे ठेवून येतो. पश्चिमेकडे खानापूरची लाल माती, पूर्वेकडे काळी. बुटाला चिकटलेल्या मातीवरून माणूस कुठून आला याचा अंदाज या जिल्ह्यात खरोखर करता येतो, पण पन्नास जणांनी तुडवल्यावर नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या नव्या फौजदारी कायद्याने सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे आहे, आणि ती व्यवस्था उभी करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. प्रादेशिक प्रयोगशाळा बेळगावात आहे. तिथून माणूस हेमाडग्यासारख्या जंगलातल्या गावी पोहोचेपर्यंतचे तास गावकऱ्यांच्याच हातात असतात.

त्या तासांत करायचे थोडकेच. माणूस जिवंत असण्याची शक्यता असेल तर आधी जीव, बाकी सगळे नंतर. गळफास सोडवताना दोर गाठीपाशी न कापता गाठीपासून दूर कापावा, गाठ तशीच राहू द्यावी. जाण्या-येण्याची एकच वाट ठेवावी आणि तिला दोरी लावावी. ही दोरी वाटते त्याच्या दुप्पट लांब लावावी, कारण पळताना टाकलेली वस्तू मृतदेहाशेजारी नसते, वाटेवर असते. पाऊस सुरू झाला आणि चिखलात ठसा दिसत असेल तर त्यावर घमेले किंवा टब पालथा घालावा, गोणपाट टाकू नये, ते ठशाला चिकटते. रक्ताचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबणे ही सर्वांत वारंवार होणारी चूक. आत ओल कोंडते, बुरशी धरते आणि डीएनए नासतो. कपडे सावलीत वाळवून प्रत्येक कपडा वेगळ्या कागदात बांधायचा असतो. पण हे काम पोलिसांचे. घरच्यांनी फक्त ते धुऊ नयेत आणि इस्पितळात कोणी पिशवी पुढे केली तर कागद मागावा.

विषबाधेत बाटली फेकून देणे हा असाच एक प्रकार. लाजेपोटी किंवा रागाने घरचे लोक ती उकिरड्यावर टाकतात. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले कीटकनाशक पोटात गेले असेल तर डॉक्टर ॲट्रोपीन देतात. पॅराक्वाट हे तणनाशक असेल तर ॲट्रोपीनचा उपयोग होत नाही, उलट सुरुवातीलाच भरपूर ऑक्सिजन दिला तर फुप्फुसांची हानी वाढू शकते. बाटली, झाकण, लेबल, जे असेल ते रुग्णाबरोबर गेले पाहिजे. तपासाला त्याचा उपयोग नंतर, आधी उपचाराला.

आता आमच्या भागाच्या खास दुखण्याकडे वळतो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दीडशे विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची चित्रफीत दाखवली. पन्नास जणांना विचारले, गाड्या ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या पन्नास जणांना ‘धडकल्या’ असा सौम्य शब्द वापरून तेच विचारले. उरलेल्या पन्नास जणांना वेगाबद्दल काहीच विचारले नाही. आठवड्याने सगळ्यांना प्रश्न केला: फुटलेली काच दिसली का? ‘आदळल्या’ ऐकलेल्यांपैकी १६ जण हो म्हणाले, ‘धडकल्या’ ऐकलेल्यांपैकी ७, ज्यांना काही विचारले नव्हते त्यांच्यातले ६. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. एका क्रियापदाने आठवण हलली, आणि तीही एकाच भाषेत. बेळगाव, खानापूर, निपाणीत साक्षीदार मराठीत बोलतो आणि जबाब बहुधा कन्नडात उतरतो. म्हणजे क्रियापद वाटेतच एकदा बदलते.

उदाहरण अगदी रोजचे आहे. ‘त्याने त्याला मारलं’ या मराठी वाक्यात चापट मारली की जीव घेतला, हे बोलण्याच्या सुरावरून कळते. कन्नडात त्यासाठी दोन वेगळी क्रियापदे आहेत, ‘होडेद’ आणि ‘कोंद’. लिहिणाऱ्याला एक निवडावेच लागते, आणि तो निवडतो ते त्याला समजले त्याप्रमाणे. आपले ‘परवा’ मागचेही आणि पुढचेही. कन्नडात मागच्याला ‘मोन्ने’, पुढच्याला ‘नाडिद्दु’. ‘परवा येतो म्हणाला’ आणि ‘परवा आला होता’ यांची गल्लत झाली की चार दिवसांचा फरक पडतो. ‘तो शेजारी होता’ म्हणजे बाजूला उभा होता की शेजारच्या घरात राहतो? यात भाषेचा तंटा नाही आणि लिहिणाऱ्याची खोडीही बहुतेक वेळा नसते. फिर्याद, पंच, जप्ती हे शब्द तर दोन्ही भाषांत सारखेच नांदतात. फसवतात ते साधे शब्द. म्हणून साक्षीदाराने ‘मारलं’ वर थांबू नये. कशाने, किती वेळा, शरीराच्या कुठल्या भागावर, हे सांगावे. ‘परवा’ ऐवजी वार आणि तारीख सांगावी. ‘संध्याकाळी’ ऐवजी घड्याळ, आणि घड्याळ पाहिले नसेल तर ‘कारखान्याची पाळी सुटल्यावर’, ‘शेवटची बस गेल्यावर’ असे, म्हणजे वेळ दुसरीकडून ताडून पाहता येते. विचारणाऱ्यानेही आधी सलग बोलू द्यावे आणि प्रश्न मागून विचारावेत. ‘गाडी लाल होती ना?’ असे विचारले की गाडी लालच होते.

कागदांच्या बाबतीत लोकांचा मोठा गोंधळ आहे. फिर्याद, म्हणजे पहिली खबर, वाचून दाखवल्यावर तिच्यावर फिर्यादी सही करतो आणि तिची प्रत त्याला फुकट मिळते. तपासात पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावर मात्र सही घ्यायची नसते. कायदाच तसा आहे, पूर्वीही होता, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. कोऱ्या कागदावर सही तर कुठेच नाही. फिर्याद कन्नडात लिहिली गेली तर मराठीत समजावून सांगायला सांगावे आणि तसे सांगितल्याची ओळ शेवटी लिहून घ्यावी. सोबत स्वतःचा मराठी अर्ज जोडावा. गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडण्याचा हक्क राज्यघटनेचे ३५० वे कलम देते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि वेळ घ्यायला विसरू नये.

दुसरा गोंधळ हद्दीचा. मोटारसायकल शिनोळीत, म्हणजे महाराष्ट्रात चोरीला गेली, मालक बेळगावचा. कोगनोळी ते कागल पट्ट्यात अपघात झाला आणि ठोकर मारणारी गाडी हद्द ओलांडून गेली. ‘आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर १ जुलै २०२४ पासून अधिकच लंगडे झाले आहे. संहितेच्या १७३ व्या कलमाप्रमाणे दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा) गुन्ह्याची खबर, तो कुठेही घडलेला असो, नोंदवून घ्यावी लागते. शून्य क्रमांकाने नोंदवायची आणि योग्य ठाण्याकडे पाठवायची. ठाणेदाराने नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लेखी, तिथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.

आता आपल्याच घरचे थोडे बोलतो, राग नसावा. ‘आरोपीची पोलिसांसमोर कबुली’ हा मथळा आमच्या भागातली सगळीच वृत्तपत्रे छापतात. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. तिच्यातला चालतो तो फक्त तेवढाच भाग, ज्यामुळे एखादी वस्तू किंवा जागा नव्याने उघडकीस आली. ‘कोयता नाल्यात टाकला आहे, काढून देतो’ हे आरोपीने पंचांसमोर सांगितले, ते लिहून झाले, मग सगळे तिकडे गेले आणि कोयता निघाला, तर तेवढे खरे. आधी कोयता आणि मग कागद, असा क्रम झाला, किंवा जागा अशी की येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही तो दिसला असता, तर त्याची किंमत घसरते. वाचकाला हे कोणी सांगत नाही. त्याने ‘कबुली’ वाचलेली असते, म्हणून चार वर्षांनी सुटका झाली की तो न्यायाधीशाच्या नावाने बोटे मोडतो. संशयित, आरोपी आणि दोषी हे तीन वेगळ्या पायऱ्यांवरचे शब्द आहेत. जागा वाचवायला एकाच्या ठिकाणी दुसरा घालू नये. ‘खून झाला असावा’ यातला ‘असावा’ मथळ्यात गळतो, तो गळू देऊ नये. १९७३ च्या शिवाजी साहेबराव बोबडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘असू शकेल’ आणि ‘असलाच पाहिजे’ यांच्यातले अंतर लांबचे असल्याचे सांगितले. १९८४ मध्ये शरद बिरदीचंद सारडा खटल्यात परिस्थितीजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या घालून देताना त्याच निकालाचा आधार घेतला. त्या कसोट्यांना वकील मंडळी पंचशील म्हणतात. दोन्ही खटले महाराष्ट्रातले. मराठी वृत्तपत्राला त्यांची ओळख परकी नसावी.

सीसीटीव्हीबद्दल थोडक्यात. दुकानातल्या डीव्हीआरचे, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचे, घड्याळ क्वचितच बरोबर असते. डीव्हीआरचा पडदा आणि मोबाईलचे घड्याळ एकाच फोटोत घ्यावे, म्हणजे फरक कायमचा नोंदला जातो. साठवण भरली की जुने चित्रण आपोआप पुसले जाते, कुठे आठवड्याने तर कुठे महिन्याने, म्हणून पहिल्या दिवशीच लेखी मागावे. पडद्याचे मोबाईलने केलेले शूटिंग ग्रुपवर फिरवायला ठीक, पुराव्याला नाही. मूळ फाइलची प्रत घ्यावी लागते, तिचे हॅश मूल्य लिहावे लागते (फाइलवरून संगणकाने काढलेला आकडा; एक सेकंद जरी कापला तरी तो बदलतो) आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. जालन्याच्या निवडणुकीवरून गाजलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवले की मूळ यंत्रच हजर केले नसेल तर प्रमाणपत्राशिवाय भागत नाही. ऑनलाइन फसवणुकीत १९३० या मदत क्रमांकावर लगेच फोन करावा आणि यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक जवळ ठेवावा. लाज वाटून चॅट पुसणारे स्वतःचाच पुरावा पुसतात.

राहिला पंच. गावात पंच म्हणून बोलावणे आले की लोक तोंड लपवतात, किंवा ठाण्यासमोरच्या हॉटेलात बसून सही करून मोकळे होतात. पुढे न्यायालयात ‘जागेवर गेलो नव्हतो’ असे सांगावे लागते आणि सगळा पंचनामा वाया जातो. आता झडतीचे आणि जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे झाल्यामुळे हॉटेलातली सही आणखी महागात पडेल. पंच व्हायचे तर जागेवर जावे आणि टेपचे दुसरे टोक स्वतः धरावे. वस्तू पाकिटात जाताना पाहावी, लाखेची मोहोर आपल्यासमोर लागू द्यावी, पाकिटावरच्या चिठ्ठीवर सही करावी. लिहिलेले वाचून घ्यावे, कन्नड येत नसेल तर मराठीत ऐकावे, आणि एखादी ओळ पटत नसेल तर सहीच्या आधी ती दुरुस्त करून घ्यावी. त्याच रात्री घरी आपल्या वहीत चार ओळी लिहाव्यात: किती वाजता गेलो, किती वाजता सुटलो, बरोबर दुसरा पंच कोण होता, काय काय पाहिले. साक्ष चार-पाच वर्षांनी निघते, आणि त्याच वेळी केलेली आपली नोंद पाहून आठवण ताजी करायला कायद्याची मुभा आहे. त्या वहीतही साखळी पिवळ्या धातूचीच लिहावी.

आपले,
तपासशास्त्राचे काही अभ्यासक, बेळगाव
(नावे प्रसिद्ध करू नयेत, ही विनंती.)